कोसभर चालणाऱ्यांना चालण्याचा सल्ला

चुकांची कबुली देण्यासाठी आपल्याला एक ठरलेली जागा आहे. तेथे लाकडी जाळी असते, थोडा अंधार असतो आणि ऐकणारा ऐकलेले कोणाला सांगत नाही. वाचकहो, आज आम्हांला जी कबुली द्यावयाची आहे ती मात्र उघड्यावर द्यावी लागणार आहे. कारण ती चूकही उघड्यावरच घडली, एका कडुनिंबाच्या झाडाखाली, भर दुपारी, चारचौघांदेखत. आणि ती करताना आम्ही अतिशय प्रसन्न होतो.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता. एकीने नागपुरात तीस वर्षे परिचारिका म्हणून काढली. दुसऱ्याने तितकीच वर्षे शाळेत गणित शिकवले. निवृत्तीनंतर हाती वेळ आला आणि त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामात हृदयविकार टाळण्यासाठी एक लहानसा उपक्रम सुरू झाला. रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहात टेबले मांडावयाची, येईल त्याचा रक्तदाब व वजन घ्यावयाचे आणि हाती एक छापील पत्रक द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. रोज सकाळी अर्धा तास भरभर चाला, तळलेले पदार्थ टाळा, जेवणात कच्च्या भाज्यांची कोशिंबीर घ्या, न्याहारीला ओट्स खा, शक्य तर ऑलिव्हचे तेल वापरा, धूम्रपान सोडा, ताणतणाव टाळा, वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल तपासून घ्या. पत्रक एका जाणत्या डॉक्टरांनी तपासलेले होते आणि त्यातील एकही वाक्य खोटे नव्हते.

उपक्रम चांगला चालला. सेमिनरी हिल्सच्या चढावर आणि अंबाझरीच्या काठी पहाटेच्या वेळी आपलीच माणसे एकमेकांना भेटू लागली. चार जणांनी सिगारेट सोडली. तेव्हा जे आपल्याला लाभले ते खेड्यातील बांधवांना का लाभू नये, असा विचार आमच्या मनात आला. विचार चांगलाच होता. पण चांगल्या विचाराला पाय फुटले की तो कोणत्या वाटेने जातो, इकडे लक्ष ठेवावे लागते.

काटोलच्या बाजूला, संत्र्याच्या बागा आणि कापसाची शेते यांच्यामध्ये एक गाव आहे. तेथे धर्मभगिनींचा एक लहानसा दवाखाना असल्यामुळे आमची ओळख निघाली. २०१८ च्या जानेवारीत एका रविवारी आम्ही सहा-सात जण तेथे गेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर कडुनिंबाखाली टेबले मांडली. पत्रकांचा गठ्ठा ठेवला. दुपारपर्यंत शंभरावर माणसे येऊन गेली.

त्यांत एक बाई होती. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, नऊवारीचा काष्टा घातलेला. तिचा रक्तदाब १९० आणि ११० भरला. यंत्र चुकले असेल म्हणून पुन्हा मोजला, तेवढाच. आम्ही तिला समोर बसवून पत्रक वाचून दाखवू लागलो.

"मावशी, रोज सकाळी अर्धा तास भरभर चालायचं."

"कायले जी?"

"हृदयासाठी चांगलं असतं ते."

तिने आमच्याकडे क्षणभर पाहिले. "नर्सबाई, माही टोली इथून कोसभर लांब हाये. मंग मी काय इथं उडत आली?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. तिच्या बोलण्यातील गंमत आम्हांला कळली. तिच्या बोलण्यातील अर्थ मात्र कळला नाही. मग तिने विचारले, "गोळी देता का जी?"

आम्ही सांगितले की गोळ्या देण्याचे काम आमचे नव्हे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जा, ही चिठ्ठी दाखवा, ते देतील. ती "बरं जी" म्हणाली. चिठ्ठी आणि पत्रक यांची नीट घडी करून तिने कमरेला खोचली आणि ज्या वाटेने आली होती त्या वाटेने, कोसभर, चालत निघून गेली.

त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो, हेही कबुलीत आलेच पाहिजे.

पुन्हा त्या गावी जाण्याचा योग आला तो ऑगस्टच्या अखेरीस. सात महिने मध्ये गेले होते. ती मावशी दिसली नाही म्हणून विचारपूस केली, तेव्हा कळले की आषाढात पऱ्हाटीचे निंदण चालू असताना ती तासातच कोसळली. उजवे अंग गेले. घरच्यांना वाटले, वारे लागले. दोन दिवस अंगारे आणि चोळणे झाले. मग गावकऱ्यांनी वर्गणी करून शहरात नेले. पण तोवर वेळ टळली होती.

आम्ही तिच्या टोलीवर गेलो. मातीच्या भिंतीचे घर, दारातच बाज टाकलेली. तिने आम्हांला ओळखले. बोलण्याचा प्रयत्न केला. ओठ एका बाजूला ओढले गेले आणि नुसता आवाज निघाला. आम्हांला वाटले, सून आता रागाने काही बोलेल. ती काहीच बोलली नाही. तिने पत्र्याची पेटी उघडली, प्लास्टिकची एक पिशवी काढली आणि त्यातून रेशनकार्डाबरोबर ठेवलेले दोन कागद आमच्या हाती दिले. एक आमची चिठ्ठी. दुसरे आमचे पत्रक. घडी जशी होती तशी.

आमचा कागद तिने रेशनकार्डाइतका जपला होता. जपला होता, पण तो वापरण्याची सोय आम्ही ठेवली नव्हती.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर आमच्यापैकी ज्याने जन्मभर गणित शिकवले, त्याने कागद घेऊन एक हिशेब मांडला. मावशी एकटी नागपूरला जाऊ शकत नव्हती. म्हणजे दोन माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे. दोघांच्या दिवसाच्या मजुरीचे खाडे. रांगेत एक दिवस गेला आणि तपासणीचा निकाल दुसऱ्या दिवशी मिळाला, तर हे सारे दुप्पट. आणि रक्तदाबाची गोळी एकदा घेऊन भागत नाही. ती रोज घ्यावी लागते, बहुधा आयुष्यभर. म्हणजे हाच खर्च पुढच्या महिन्यात पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. एवढे सगळे कशासाठी, तर जे दुखत नाही अशा दुखण्यासाठी. वाढलेला रक्तदाब बहुधा बोलत नाही. तो बोलतो तेव्हा एकदम शेवटचे बोलतो. अशा दुखण्यासाठी कोणती मजूर बाई निंदणाचे दिवस सोडील? हा हिशेब सातवीतल्या मुलालाही जमला असता. आम्ही तो जानेवारीत मांडला नाही.

त्यानंतर आम्ही पत्रकातील एकेक ओळ घेऊन बसलो. 'भरभर चाला' हे वाक्य दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी लिहिलेले होते. 'धूम्रपान सोडा' हे वाक्य ऐकून गावातील पुरुषांनी निर्धास्तपणे माना डोलावल्या होत्या, कारण विडी ओढणारे तेथे थोडे. पण बहुतेकांच्या गालात खर्रा होता. विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला हा खर्रा आमच्याकडे पानठेल्यावर चहापेक्षा सहज मिळतो. बायका गुडाखू किंवा नस दातांना घासतात, आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ शंभरात चारही नव्हते. तंबाखू चघळणारे किंवा दातांना लावणारे मात्र शंभरात चोवीस होते. धूर निघत नाही म्हणून निकोटीन निघत नाही असे नव्हे; ते गालातूनही रक्तात उतरते, नाडी वाढवते, रक्तदाब चढवते. आमच्या पत्रकाने चौघांना उपदेश केला आणि चोवीस जणांना अभय दिले.

ऑलिव्हच्या तेलाविषयी न बोललेलेच बरे. कोशिंबिरीचे तसेच. उन्हाळ्यात भाजीचे दर चढले की मजुराच्या ताटात भाकरी-पोळीबरोबर ठेचा, लोणचे किंवा चटणी एवढेच उरते, आणि तिखटाबरोबर मीठ येतेच. ज्याच्या ताटात भाजी कमी, त्याच्या ताटात मीठ जास्त, हा साधा नियम आम्हांला पुस्तकांतून कळला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. म्हणजे लहान चमचाभरही नव्हे. ही मर्यादा पाळावयाची तर घरात मीठ मोजून वापरण्याआधी ताटात भाजी आली पाहिजे. आणि 'ताणतणाव टाळा' हा सल्ला कास्तकाराला देण्याऐवजी कापसाच्या भावाला द्यावयास हवा होता.

पत्रक खरे होते. पण त्यावरचा पत्ता चुकला होता. शहरातील, पोटभर खाणाऱ्या, बसून काम करणाऱ्या, दवाखान्याशेजारी राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेले पत्र आम्ही भलत्याच घरी टाकून आलो होतो.

अपराधाची बोचणी माणसाला वाचावयास लावते. शोध घेता घेता फिनलंडमधील उत्तर कारेलिया या प्रांताची हकिकत आमच्या वाचनात आली. जंगले, तळी आणि गाईगुरे यांचा हा ग्रामीण मुलूख. १९७० च्या सुमारास तेथील कर्ते पुरुष हृदयविकाराने इतक्या संख्येने मरत होते की जगात त्याला क्वचितच तोड होती. लोकांनीच सरकारकडे धाव घेतली आणि १९७२ साली पेक्का पुस्का या तिशीही न गाठलेल्या डॉक्टराच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. लोणी भरपूर, मांस भरपूर, मीठ भरपूर. आणि हिरवा पाला हे गुरांचे खाद्य, अशी तेथील रांगड्या पुरुषांची समजूत असल्याचे सांगतात. भाषणांनी ती जाणार नव्हती. म्हणून डॉक्टर मंडळी गावोगावच्या गृहिणींच्या संघटनेकडे गेली. या संघटनेचे नाव 'मार्था'. शुभवर्तमानातील ती स्वयंपाकघरात राबणारी मार्था आपल्या परिचयाची आहेच. तिचेच हे नाव. या मार्थांनी गावात पंगती मांडल्या आणि लोकांचेच परंपरागत कालवण मांस कमी करून, भाज्या वाढवून शिजवून वाढले. लोण्यावर पोट असलेल्या शेतकऱ्यांना त्यांच्या हवेत येणाऱ्या बोरांसारख्या रानफळांची लागवड करण्यास मदत मिळाली. कोणाचे ताट हिसकावले नाही आणि कोणाची भाकरीही नाही. साधारण पस्तीस वर्षांनंतर तेथील कर्त्या वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू सुमारे ८५ टक्क्यांनी घटलेले आढळले.

फिनलंड दूरचे झाले. पण आपल्या विदर्भातच गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली, तिचा धडा याहून जवळचा आहे. आदिवासी बांधवांना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते हे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर, शोधग्रामात दवाखाना उभा राहिला तो आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या रूपात, आणि त्याला नाव दिले गेले ते त्यांच्याच दंतेश्वरी मातेचे. रोगी दवाखान्याला बुजतो, तर दवाखान्याने आपले रूप बदलावे, इतकी ही सरळ गोष्ट आहे. स्वतः डॉ. अभय बंग यांना पन्नाशी गाठण्यापूर्वी हृदयविकाराने गाठले आणि त्यांनी लिहिलेले 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. आम्हांला मात्र त्यांच्या संस्थेचे दुसरे एक काम अधिक हलवून गेले. २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीतील ८६ गावांत झालेल्या मृत्यूंची कारणे त्यांनी घरोघर जाऊन तपासली. दर सात मृत्यूंतील एक पक्षाघाताने झालेला निघाला. मलेरिया नव्हे, क्षय नव्हे. पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण ठरले, आणि त्यांतील बहुतेक माणसे घरीच वारली. हृदयविकार आणि पक्षाघात हे एकाच घरातले भाऊ. दोघांनाही वाढलेला रक्तदाब दार उघडून देतो. मोठमोठ्या माणसांचा, शहरी सुखवस्तूंचा म्हणून आम्ही ज्याला ओळखत होतो तो आजार जंगलातील झोपडीत कधीच जाऊन बसला होता. आमची मावशी एकटी नव्हती.

तिसरा धडा तर शेजारच्या अंगणातील होता. २०१७ च्या नोव्हेंबरात भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्यासाठी महाराष्ट्रातून जे पहिले चार जिल्हे निवडले गेले त्यांत सातारा आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर वर्धा आणि भंडारा होते. म्हणजे नागपूरच्या दोन्ही बाजूंचे आमचे शेजारी. त्यातील युक्ती ऐकावयास अगदी साधी आहे. सर्वत्र एकच ठरलेली, सोपी उपचारपद्धती. गोळ्या फुकट आणि महिनाभराच्या एकदम. त्या गोळ्या जिल्ह्याच्या गावी नव्हे तर घराजवळच्या केंद्रावर. डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि आशाताई यांच्याकडेही पाठपुराव्याचे काम. आणि कोण आले नाही हे समजावे अशी नोंद. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने या कामाचा गौरव झाला. आम्ही जेव्हा झाडाखाली ऑलिव्हचे तेल सांगत होतो, तेव्हा शंभर किलोमीटरच्या आत कोणीतरी ही व्यवस्था उभारू लागले होते.

२०१९ च्या आरंभी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी पत्रके नेली नाहीत. वही नेली. पहिले तीन महिने फक्त विचारले: काय खाता, कधी खाता, कामाला केव्हा जाता, दुखले तर प्रथम कोणाकडे जाता, पैसे कधी हातात येतात. ऐकणे हे बोलण्यापेक्षा फार दमवणारे काम आहे, हे एका परिचारिकेला आणि एका मास्तराला साठीनंतर कळले.

मग जे ठरले ते गावानेच ठरवले म्हणा ना. रविवार आमच्या सोयीचा होता. गावाची सोय आठवडी बाजाराच्या दिवशी होती. त्या दिवशी मजुरी हातात असते आणि टोल्यांवरची माणसे आपण होऊन येतात. टेबल बाजाराच्या तोंडाशी गेले. रक्तदाब मोजण्याचे यंत्र धर्मभगिनींच्या दवाखान्यात कायम राहिले आणि आशाताई ते वापरण्यास शिकल्या. औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावयाचे आणि पुढच्या महिन्यांच्या गोळ्या गावातील उपकेंद्रावरच मिळाव्यात, एवढ्यासाठी आम्ही त्या डॉक्टरांच्या दाराशी अनेकदा बसलो. ते भले गृहस्थ. त्यांनी मनावर घेतले. आम्ही उरलो ते फक्त वही सांभाळण्यापुरते. या बाजाराला कोण आले नाही, त्याचे नाव आशाताईंना सांगावयाचे; त्या दुसऱ्या दिवशी त्याचे दार वाजवणार.

गोळी रोज लक्षात कशी राहावी? एका म्हातारीने उपाय सांगितला: चहापत्तीच्या डब्यात पाकीट ठेवा, चहा कोणी विसरत नाही. हे वाक्य कोणत्याही पत्रकात छापण्याजोगे आहे.

बचत गटाच्या बायकांनी स्वयंपाकाचे मनावर घेतले. वरून मीठ घेण्याची वाटी पानावरून उठली. भाजीवरची तेलाची तर्री निम्म्यावर आली. अंबाडीची आणि हरभऱ्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी यांना पुन्हा मान मिळाला. शहरातील दुकानांत जवस इंग्रजी नाव लावून सुंदर पाकिटातून महाग विकले जाते, हे ऐकून त्या पोट धरून हसल्या. विदर्भाच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पिकलेले हे धान्य सोडून आम्ही त्यांना परदेशी तेल सांगावयास आलो होतो!

खर्ऱ्याशी झुंज अजून चालू आहे आणि तीत आम्ही बहुधा हरतो. प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस खर्रा सोडण्याचा निश्चय काही जणांनी केला. ईस्टरनंतर अर्धे परत गेले, अर्धे टिकले. टिकलेल्यांना आम्ही जमेस धरतो.

सर्वांत अवघड होता तो 'गॅस'. छातीत दुखले की गावात निदान ठरलेले: गॅस झाला. ओवा खा, सोडा घे, पडून राहा. त्या पडून राहण्यात जी घटका जाते, तीच प्राणांची असते. मोठ्यांना समजावून थकलो तेव्हा शाळा आठवली. गणिताच्या मास्तराने मुलांना दोन गोष्टी पाढ्यांसारख्या पाठ करून दिल्या. छातीच्या मधोमध दडपण, कळ हाताकडे वा जबड्याकडे जाते, दरदरून घाम सुटतो, तर वाट पाहू नका. तोंड वाकडे, हात खाली पडतो, बोलणे अडखळते, तर घड्याळ पाहा आणि वाट पाहू नका. कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. दोन्ही वेळा फोन एकच, १०८. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. पण ज्याला 'गॅस' झाला आहे तो तिला कशाला बोलावील?

एका रात्री पाचवीतल्या एका मुलाने ती बोलावली. आजोबांना गॅस झाला होता. पोराने कपाळाचा घाम पाहिला आणि बापाचा फोन उचलला. आजोबा वाचले. आज ते बाजारात भेटतात आणि खर्रा निम्म्यावर आणल्याचे अभिमानाने सांगतात. उरलेल्या निम्म्याविषयी आम्ही दर वेळी भांडतो.

२०२० साली टाळेबंदीत बाजार बंद झाला तेव्हा आम्हांला वाटले, सारे विस्कटणार. पण तोवर ते काम आमचे राहिलेच नव्हते. आशाताईंनी गोळ्या पिशवीत घातल्या आणि टोल्याटोल्यांवर पोहोचवल्या. आम्ही नागपुरात घरात बसून फोनवर फक्त नावे वाचून दाखवत होतो. किती जणांचा झटका टळला, हे आम्ही सांगू शकत नाही. जे घडले नाही ते मोजता येत नाही, आणि गणिताच्या मास्तराने न मोजलेल्याचा आकडा सांगू नये.

आपल्या धर्मग्रामांतून अनेक मंडळी सद्भावनेने खेड्यांकडे जातात: कपडे घेऊन, औषधे घेऊन, उपदेश घेऊन. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की पहिल्या फेरीला हात रिकामे ठेवून जावे. ज्याला देणार त्याचे ताट, त्याची वाट आणि त्याच्या मजुरीचा दिवस पाहिल्यावाचून काही देऊ नये. आणि ज्याला धोका आहे असे आपल्याला दिसले, त्याला कागद देऊन परत फिरू नये. महिनाभरात कोणी त्याचे दार वाजवणार आहे की नाही, ते पाहून मगच घरी यावे.

मावशीकडे आम्ही दर बाजाराला जातो. तिचे बोलणे हळूहळू पुष्कळसे परत आले. हात आला नाही. रक्तदाबाची गोळी ती आता चुकवीत नाही, आणि टोलीवरील कोणाला चुकवू देत नाही. व्यायाम शिकवण्यास येणाऱ्या मुलीने तिला एक काठी दिली आणि बाजेपासून अंगणातील कडुनिंबापर्यंत रोज चालावयास सांगितले. गेल्या पावसाळ्यात आम्ही गेलो तेव्हा ती त्याच वाटेवर होती. एक पाऊल टाकी, थांबे, मग दुसरे ओढून घेई. आम्हांला पाहून ती झाडाला टेकली. घामाने डबडबलेल्या तोंडाने, वाकड्या ओठांनी हसत, एकेक शब्द वेगळा करीत म्हणाली,

"नर्सबाई, आता सांगा जी चालाले."

आम्ही काही सांगितले नाही. एकीने तिचा डावा हात धरला, दुसऱ्याने काठी उचलून दिली, आणि आम्ही तिघे बाजेपर्यंत चालत गेलो.